झुंजूमुंजू कधी, तांबडं कधी: पहाटेचा नेमका शब्द कसा निवडावा

पुण्यात मी २७ वर्षं मुद्रितशोधन केलं. त्यातल्या सुरुवातीच्या काळातली एक दुरुस्ती अजून मनातून जात नाही. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथेत वाक्य होतं: ‘झुंजूमुंजू झालं तशी आई गोठ्यात गेली. वासराच्या कपाळावरचा पांढरा टिळा तिला दिसला.’ अंकाची भाषा प्रमाण ठेवायची असं मला बजावलेलं. मी ‘झुंजूमुंजू झालं तशी’ यावर रेघ मारली आणि ‘पहाटे’ लिहिलं. अंक निघाला आणि आठवड्याभरात लेखकाचं पोस्टकार्ड आलं. आटपाडीकडचा तरुण मुलगा. कार्डात राग नव्हता, तीनच ओळी होत्या: ‘ताई, पहाटे गोठ्यात काही दिसत नसतं. कंदील न्यावा लागतो. माझ्या गोष्टीत कंदील नाही.’

मी कऱ्हाडजवळच्या खेड्यात वाढले. पहाटे आजीबरोबर गोठ्यात जाताना कंदील माझ्याच हातात असायचा. म्हणजे मला हे ठाऊक होतं आणि तरीही मी रेघ मारली. त्या कार्डानंतर मी एक वही केली. छापायला येणाऱ्या मजकुरात पहाटेचा शब्द दिसला की तो वाक्यासकट उतरून घ्यायचा, आणि त्या वेळी तिथं खरंच काय दिसलं असतं ते समोर लिहायचं. कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांना, भाषांतर करणाऱ्यांना, मुलांना घरी गोष्टी सांगणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ती वही इथे उघडते आहे.

पहाट, झुंजूमुंजू, तांबडं, फटफटणं, उजाडणं हे एकमेकांच्या जागी बसवायचे शब्द नव्हेत. घरात घड्याळ नसलेल्या माणसांनी डोळ्यांना काय दिसतं, कानाला काय ऐकू येतं आणि हाताला कुठलं काम लागतं, यावरून ते वेगळे केले आहेत. त्यामुळे शब्द निवडताना ‘किती वाजले?’ असं विचारू नका. ‘इथं आत्ता काय दिसतंय?’ असं विचारा.

आधी एक पहाट पुरती बसून बघा

हे केल्याशिवाय पुढचं सगळं कोरडं राहील. एकदाच करावं लागतं.

अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा, म्हणजे चंद्राचा उजेड मधे येत नाही. पावसाळा टाळा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत किंवा पंचांगात सूर्योदय बघा आणि त्याच्या दोन तास आधी पूर्वेकडे तोंड करून बसा. शहरात गच्चीवरून जमतं, पण रस्त्यावरचे दिवे पहिला अर्धा तास खाऊन टाकतात. शक्य असेल तर गावाबाहेर, मळ्यात जा. मोबाइल खिशात ठेवा, कारण त्याच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की डोळे अंधाराला परत सरावायला वीसेक मिनिटं घेतात. वही आणि जाड शिसपेन्सिल घ्या. अंधारात न बघता लिहायची सवय दहा मिनिटांत होते. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. वेळ कळायला हातातलं साधं घड्याळ पुरे.

दर दहा मिनिटांनी तीनच गोष्टी लिहा: आभाळात काय दिसतं, जमिनीवर काय दिसतं, कानावर काय येतं. शब्द शोधू नका. ते नंतर.

मी ही बैठक जानेवारीतल्या एका अमावास्येला आमच्या मळ्यात मारली. पंचांगात सूर्योदय ७:०६ होता. ५:१० ला बसले तेव्हा चांदण्या अगदी खच्चून होत्या आणि माझा स्वतःचा हात मला दिसत नव्हता. कोंबडा मात्र त्याआधीच दोनदा आरवून गेला होता. ५:५० च्या सुमाराला सदाशिवगडाची कड आभाळापासून सुटी झाली. उजेड आला असं नाही म्हणता येणार. डोंगर आभाळापेक्षा काळा आहे एवढंच कळलं. ६:१५ ला बांधावरची बाभूळ, विहिरीचं काठाडं, उभी बैलगाडी असे आकार दिसायला लागले, पण रंग एकालाही नव्हता. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा बाई आहे हे कळलं, वहिनी आहे हे तिनं हाक मारल्यावर कळलं. तिचं लाल लुगडं काळं दिसत होतं. साधारण त्याच वेळी गडाच्या मागे तळाशी तांबूस पट्टी धरली आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं ती वर चढत राहिली. ६:४० ला वहीतलं माझं स्वतःचं अक्षर वाचता आलं. मग हरभऱ्याचा हिरवा, लुगड्याचा लाल, असे रंग एकेक करून परत आले. पंचांगातला सूर्य ७:०६ ला उगवला असेल, आम्हाला डोंगरामुळे तो ७:२० ला दिसला.

या वेळांच्या मागचं गणित सोपं आहे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की आभाळात पहिला उजेड शिरतो. आपल्या अक्षांशावर तिथून सूर्योदयापर्यंत साधारण सव्वा तास लागतो, ऋतूप्रमाणे पाचेक मिनिटं इकडं-तिकडं. सूर्य ६ अंश खाली असताना, म्हणजे उगवायला वीस-बावीस मिनिटं उरली असताना, दिव्यावाचून बाहेरची कामं करता येतात. माझं अक्षर मला वाचता आलं ते नेमकं याच सुमाराला. रंग उशिरा येतात, कारण अंधुक उजेडात आपले डोळे रंग ओळखू शकत नाहीत, आणि लाल रंग सगळ्यात जास्त काळवंडतो. जास्वंदीचं झाड असेल तर बघा. पानं आधी दिसतात, फूल मागून.

उजेड वाढत असताना एकदा मागे वळून पश्चिमेकडेही पाहा. सूर्योदयाच्या आधी काही मिनिटं तिकडं क्षितिजाला लागून निळसर-राखाडी पट्टा असतो आणि त्याच्या वर फिकट गुलाबी. तो राखाडी पट्टा म्हणजे पृथ्वीची हवेत पडलेली सावली. सूर्य वर यायला लागला की ती सावली खाली दबत जाते. पहाटेची वर्णनं लिहिणारे सगळे पूर्वेला तोंड करून उभे असतात. तुमच्या पात्राचं दार पश्चिमेला असेल तर त्याला हेच दिसणार.

आता शब्द बसवा

माझ्या वहीतल्या त्या पानावर मी नंतर शब्द भरले.

५:५० च्या आधीचं सगळं पहाट. ‘पहाटे’ म्हटलं की अंधार आलाच. कंदील, चूल, जातं, काकडा ही पहाटेची सोबत. आमच्या गावात कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर देवळात काकडा असायचा. आम्ही पोरं घोंगडी गुंडाळून जायचो आणि आरती संपवून बाहेर यायचो तेव्हाही अंधारच असायचा. पहाटेला आणखी खोल न्यायचं असेल तर ‘मोठ्या पहाटे’ किंवा ‘भल्या पहाटे’ म्हणा. मोठी पहाट म्हणजे रात्रीला चिकटलेली पहाट. आणि झोपलेल्या माणसाच्या बाजूनं लिहायचं असेल तर याच वेळेला साखरझोप म्हणतात. दोन्ही शब्द एकाच घरात एकाच वेळी खरे असू शकतात: सासूची मोठी पहाट, नातवाची साखरझोप.

६:१५ ते ६:३५ झुंजूमुंजू. आकार कळतो, ओळख पटत नाही. बाई दिसते, वहिनी दिसत नाही. कुठं कुठं झुंजरुक, झुंजुरका असंही म्हणतात. वासराच्या कपाळावरचा पांढरा टिळा दिसायची ही वेळ. पांढरंच काय ते दिसतं, म्हणून त्या लेखकानं टिळा निवडला होता. आपण काय मोडलं, ते मला तिथं मळ्यात बसल्यावर पुरतं कळलं.

तांबडं फुटणं याच काळात घडतं, आणि इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. आधी झुंजूमुंजू की आधी तांबडं, असं मला अनेकांनी विचारलंय. माझं उत्तर असं: तांबडं आभाळाचं आहे, झुंजूमुंजू जमिनीचं. पात्र मान वर करून पूर्वेकडे बघत असेल तर तांबडं फुटेल. खाली बघत पायवाट शोधत असेल तर झुंजूमुंजू होईल. खोलीत, दाट झाडीत, घाटाच्या सावलीत तांबडं दिसतच नाही. आषाढात भरून आलेल्या आभाळाखाली तांबडं फुटत नाही, पण झुंजूमुंजू होतंच. ‘धो धो पावसात तांबडं फुटलं’ असं वाक्य मी दोन कादंबऱ्यांतून काढलंय आणि त्या दोन्ही दुरुस्त्यांचं मला वाईट वाटत नाही.

‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. तिच्यात तांबडंच का, याचा विचार करा. यमक आहेच. पण पहाट अंधारात येते, तिला नाकारता येतं. तांबडं गावभर दिसतं.

६:४० नंतर फटफटलं. अंधार गेला, आभाळ पांढरं पडलं, सूर्य अजून नाही. ‘फटफटीत उजाडलं’ म्हणतात ते इथून पुढं. ‘फटफटलं’मध्ये थोडी घाईही असते, उशीर झाल्याची जाणीव असते: ‘फटफटलं की गं, अजून सडा नाही पडला!’ माझी आजी हा शब्द कधीच शांतपणे म्हणाली नाही.

मग उजाडलं. या शब्दाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, म्हणून तो पुढं घेते.

सूर्य दिसल्यावर पहाटेचा एकही शब्द चालत नाही. ‘पहाटेच्या कोवळ्या उन्हात’ हे मी शेकडो वेळा वाचलंय आणि दर वेळी पेन्सिल उचललीय. ऊन आलं की सकाळ झाली. तिथून पुढची मापं वेगळी: उन्हं अंगणात उतरली, दिवस हातभर वर आला, कासराभर दिवस आला. कासरा म्हणजे बैलाचा लांब दोर. सूर्य क्षितिजापासून किती वर आला ते शेतकरी आपल्या हातातल्या दोरानं मोजत होता.

क्रियापदाला धक्का लावू नका

प्रत्येक शब्द आपलं क्रियापद घेऊन येतो. पहाट होते. तांबडं फुटतं. झुंजूमुंजू होतं. दिशा उजळतात. दिवस उगवतो. ‘पहाट फुटली’ अलीकडे कवितांतून दिसतं. तिथं ते खपून जातं, पण गोष्टीत आजोबांच्या तोंडी घालू नका. ‘पहाट उगवली’ तर भाषणांतून इतकं आलंय की त्यातला अंधार पार निघून गेलाय.

आता उजाडणं. शाळेच्या व्याकरणात भावकर्तृक क्रियापदं असतात, ज्यांना वेगळा कर्ता सापडत नाही: मळमळतं, गडगडतं, सांजावलं, उजाडलं. कोण उजाडलं? कुणी नाही. नुसतं उजाडलं. एका शब्दात अख्खं वाक्य. मला मराठीतलं हे एक मोठं वैभव वाटतं, आणि लिहिणारे ते हातचं घालवतात. ‘सकाळचा प्रकाश सर्वत्र पसरला’ हे चार शब्द कशाला? उजाडलं.

त्याहून सुंदर म्हणजे हे क्रियापद माणसाला चिकटतं. ‘आम्हाला साताऱ्यात उजाडलं.’ रात्रीच्या एसटीत बसलो, झोपलो, जागे झालो, बाहेर बघितलं तर सातारा आणि उजेड, हे सगळं त्या तीन शब्दांत आहे. ‘बाळंतिणीला कळा देता देता उजाडलं.’ इथं रात्र किती लांब होती हे सांगावं लागत नाही. म्हणून माझा सल्ला: तुमच्या पात्रानं रात्र जागून काढली असेल तर पहाट, उषा, अरुणोदय सगळं बाजूला ठेवा आणि त्याला उजाडू द्या. ‘उजाडायच्या आत’, ‘उजाडता उजाडता’, ‘पुरतं उजाडलं नव्हतं’, ‘लख्ख उजाडलं’ अशा किती छटा आहेत बघा.

एक खबरदारी घ्या. ‘उजाड’ म्हणजे ओस. ‘उजाडलेलं गाव’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला गाव ओस पडलंय की तिथं सकाळ झालीय ते क्षणभर कळत नाही. ‘गावात उजाडलं होतं’ लिहा.

संस्कृत शब्द जपून

उषःकाल, अरुणोदय, प्रभात, ब्राह्ममुहूर्त हे शब्द वापरू नयेत असं मी म्हणणार नाही. फक्त ते कुठल्या घरचे आहेत ते माहीत असावं.

सगळ्यात जास्त चूक अरुणोदयाची होते. अरुणोदय म्हणजे सूर्योदय नव्हे. अरुण हा सूर्याचा सारथी, विनतेचा मुलगा, गरुडाचा भाऊ. मांड्या नसलेला म्हणून त्याला अनूरु म्हणतात. सारथी रथाच्या पुढं बसतो, म्हणून तो आधी दिसतो. त्याचा तांबूस रंग दिसला की मागून सूर्य येणार. म्हणजे आपल्या तांबडं फुटण्याला जवळचा असा हा शब्द आहे. ‘अरुणोदय झाला आणि सूर्यकिरण खिडकीतून आत आले’ या वाक्यात सारथी आणि सूर्य एकाच उडीत खाली उतरतात.

ब्राह्ममुहूर्ताला तर नेमकं माप आहे. २४ मिनिटांची घटका, दोन घटकांचा म्हणजे ४८ मिनिटांचा मुहूर्त, आणि ब्राह्ममुहूर्त रात्रीचा शेवटून दुसरा. सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो, ४८ मिनिटं आधी संपतो. माझ्या त्या मळ्यातल्या दिवशी तो ५:३० ते ६:१८ होता, म्हणजे निम्मा काळोखात आणि निम्मा पहिल्या उजेडात. ‘पहाटे ३ च्या ब्राह्ममुहूर्तावर’ असं महाराष्ट्रात कुठल्याच ऋतूत होत नाही.

लिहिताना एवढं सांभाळा: उषःकालमधला विसर्ग विसर्गाच्याच कळीनं टंकलिखित करा, अपूर्णविरामाचे दोन ठिपके देऊ नका. मुहूर्तातला हू दीर्घ. आणि ब्राह्म, ब्रह्म नव्हे.

प्रहरावरून आलेला बोलीतला शब्द मात्र मनापासून वापरा. ‘सकाळच्या पारी’, ‘रामपारी’. पारी म्हणजे प्रहरीच, बोलण्यात झिजून गुळगुळीत झालेला. रामप्रहरी कुणी भांडू नये, कुणाला दारातून रिकाम्या हातानं पाठवू नये असा घरोघरचा दंडक होता. त्यामुळे दुसऱ्या शब्दांत नसलेली एक सोज्वळता त्यात आहे. भांडणाच्या प्रसंगात ‘रामप्रहरी’ हा शब्द आला तर त्या भांडणाची धार वाढते.

रात्री तीन की पहाटे तीन?

हे घड्याळावरून ठरत नाही, माणसावरून ठरतं. जो अजून झोपलेला नाही त्याचे रात्रीचे तीन. जो उठलाय त्याचे पहाटेचे तीन. रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका ‘रात्री ३ ला सलाइन बदललं’ म्हणेल. त्याच रुग्णालयाबाहेर डोक्यावर टोपली घेऊन भाजी मंडईला निघालेली बाई ‘पहाटे ३ ला निघाले’ म्हणेल. दोघी एकमेकींच्या शेजारून जाऊ शकतात. कथेत हा एक शब्द नीट टाकला तर पात्राचा अख्खा दिवस कळतो.

पहाट या शब्दात ‘जग झोपलेलं असताना’ हा अर्थ किती खोल मुरलाय याचं एक उदाहरण सगळ्यांच्या आठवणीतलं आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ला मुंबईत राजभवनावर मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला तो सकाळी आठच्या सुमारास. त्या दिवशी मुंबईत सूर्य पावणेसातच्या पुढेमागे उगवला होता, चांगलं ऊन पडलं होतं. तरी महाराष्ट्र त्याला ‘पहाटेचा शपथविधी’च म्हणतो. लोकांनी शब्द चुकवला असं मी मानत नाही. आदल्या रात्री झोपताना वेगळं चित्र होतं आणि जाग येईपर्यंत सगळं उरकलं होतं, हे सांगायला पहाटेइतका नेमका शब्द दुसरा नव्हता.

तपासून घ्यायच्या काही गोष्टी

ऋतू आणि गाव आधी ठरवा. मुंबईपेक्षा नागपूरला सूर्य साधारण २५ मिनिटं आधी उगवतो. जूनमध्ये नागपुरात साडेपाचच्या सुमाराला सूर्योदय होतो, म्हणजे पाचला झुंजूमुंजू होऊन गेलेलं असतं. जानेवारीत पुण्यात पाचला गडद काळोख. ‘पाच वाजता’ एवढं लिहून उजेडाचं वर्णन करायला घेतलंत तर निम्म्या वेळा चुकाल.

शुक्राची चांदणी रोज पहाटे नसते. काही महिने ती पहाटे पूर्वेला दिसते, मग सूर्याच्या तेजात हरवते, मग काही महिने संध्याकाळी पश्चिमेला. एकाच आठवड्याच्या गोष्टीत नायिका संध्याकाळी आणि पहाटे दोन्ही वेळा शुक्र बघत असेल तर एक जागा बदला. मध्यरात्री तर आपल्याकडे तो कधीच दिसत नाही. सूर्योदयाच्या आधी फार तर तीन-सव्वातीन तास उगवतो.

चंद्राचंही तसंच. कोजागरीचा पूर्ण चंद्र पहाटे पश्चिमेला मावळतीकडे गेलेला असतो. पहाटे पूर्वेला दिसते ती वद्य पक्षातली बारीक कोर. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिलेली असते ती याच कोरेची. सूर्य उगवायच्या थोडा आधी ती वर येते. दिवाळी पहाटेच्या वर्णनात ‘पूर्ण चंद्राचं टिपूर चांदणं’ आलं की समजा, लेखकानं त्या दिवशी बाहेर डोकावलेलं नाही.

कोंबडा उजेड बघून आरवत नाही. त्याच्या अंगातच वेळेचं भान असतं, तो चांगल्या अंधारात पहिली बांग देतो. त्यामुळे कोंबडा पहाटेचा. उन्हाळ्याच्या तोंडाला दयाळ पक्ष्याची शीळ तांबडं फुटायच्या आधी ऐकू येते. चिमण्यांचा कलकलाट फटफटल्यावर. एवढं पुरे.

घरातला शब्द मिळवायचा असेल तर

छापील मदत हवी असेल तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ चाळा, सात मोठे खंड आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. पहाटे जागणाऱ्या बायकांनी पहाटेबद्दल काय म्हटलं ते त्यांच्याच तोंडून तिथं मिळतं. गोव्याकडचं कुणी ओळखीचं असेल तर कोकणीतला फांतोड हा शब्द त्यांच्या तोंडून एकदा ऐका, लिहिलेला वाचण्यात ती मजा नाही.

पण सगळ्यात चांगला साठा आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असतो, आणि तो विचारायची एक रीत आहे. ‘तुमच्याकडे पहाटेला काय म्हणतात?’ असं विचारलंत तर उत्तर येतं, ‘पहाटच की.’ मीही आधी असंच विचारायची आणि वही कोरी राहायची. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. उठल्यावर पहिलं काय करायचात? दिवा कधी मालवायचात? गुरं सोडताना पायाखालचं दिसायचं का? पहिल्या एसटीला निघताना बॅटरी लागायची का? माणूस कामाच्या आठवणीत शिरला की शब्द आपोआप येतात, क्रियापदासकट येतात. मधे थांबवून अर्थ विचारू नका. बोलणं संपलं की मग.

माझी आत्या ८४ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत तिला मी दळणाबद्दल विचारलं. ती म्हणाली, ‘मोठ्या पहाटंला बसायचं दोघी जावांनी. दिवा लावत न्हवतो, तेल कुणाच्या बापाचं? हात ठावकं असतोय खुट्याला. मग दाराच्या फटीतनं दिसाय लागायचं. हाताच्या रेघा दिसल्या की उठायचं.’

मी विचारलं, ‘त्या वेळेला काय म्हणायचा तुम्ही, हाताच्या रेघा दिसायच्या वेळेला?’

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. ‘काय म्हणायचं? जातं थांबायची येळ.’

वहीत झुंजूमुंजू आणि फटफटलं यांच्या मधे थोडी जागा होती. तिथं मी ते लिहून घेतलं.